जावई गोरा, पण काळा

न्यूयॉर्क, ९ फेब्रुवारी १९९२

ताई,

आशीर्वाद असू दे. आधी खुर्चीत नीट बस, मग वाच. डिल्सियाचं जमलं!

मुलगा अमेरिकन आहे. आपल्या बेटावरचा नाही, पोर्तो रिकोचाही नाही. अस्सल इथला, त्याचे पणजोबासुद्धा इथेच जन्मलेले. नाव लायनेल देक्वीर. पियानो नीट करतो. वाजवत नाही, दुसऱ्यांना वाजवता यावेत म्हणून नीट करतो. मी म्हटलं, याने पोट भरतं का? तर डिल्सिया म्हणाली, मम्मी, या शहरात पियानो फार आणि सगळे बिघडलेले. ती काम करते त्या हॉस्पिटलच्या दिवाणखान्यात एक आहे, तो सुरात लावायला हा आला आणि तिथेच दोघांचं सूत जुळलं.

आता मुद्द्याचं. ताई, तो गोरा आहे. तुझ्याहून गोरा! डोळे हिरवट. केस अगदी बारीक कापतो म्हणून त्यांचं नीट कळत नाही, पण डोक्याचा आकार चांगला आहे. दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं वीज कंपनीचा साहेब आला. मी घाईघाईने बिल शोधायला लागले.

तुला ठाऊकच आहे, घरात तू दुधाची साय आणि मी भाताची खरवड. आईच म्हणायची. तुला मागणी घालायला लोक घोड्यावरून यायचे, आणि मी फाउस्तोशी लग्न ठरवलं तेव्हा आई आठवडाभर कोणाशी बोलली नाही. म्हणाली, कोळशाने कोळसा धुतात का? डिल्सिया आम्हा दोघांसारखीच निपजली. पण पोरीने एका झेपेत सगळं भरून काढलं बघ.

फाउस्तोला विचारलं, कसा वाटला? तर म्हणाला, "जेवतो चांगला." मग बॉयलर बघायला तळघरात गेला. इमारतीची देखभाल करता करता हा माणूस स्वतःच बॉयलर झालाय. आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही.

सोबत फोटो आहे. उजेडात बघ.

तुझी,
झुनिल्दा

*

मोका, १ मार्च १९९२

झुनिल्दास,

देव तुझं भलं करो. फोटो मिळाला. उजेडात पाहिला, सावलीत पाहिला, पाद्रीबाबांना दाखवला, औषधवाल्याला दाखवला. औषधवाला म्हणाला, "डोन्या लिब्राडा, हा तर टूथपेस्टच्या डब्यावरचा माणूस." डोन्या कासिल्दाच्या घरावरून मी तीनदा गेले. शेवटी तिनेच विचारलं, हातात काय आहे हो? तिचा मुलगा स्पेनला गेला म्हणून दहा वर्षं मान ताठ करून फिरते. फोटो बघून म्हणाली, "छान आहे, फक्त कान मोठे आहेत." जळते मेली.

आल्ताग्रासियामातेला मी मेणबत्ती लावली. श्रेय मात्र सगळं तिला देऊ नकोस. डिल्सिया तान्ही असताना तिचं नाक चिमटीत धरून रोज वर कोण ओढत असे? तू म्हणायचीस, ताई, पोरगी गुदमरेल. गुदमरली का? आज त्या नाकाला जावई मिळाला.

आता नीट ऐक. लग्नाला मी येणार. व्हिसासाठी माझा पुतण्या खटपट करतोय. तोवर डिल्सियाला उन्हात जाऊ देऊ नकोस. केस दर शनिवारी सरळ करून घे. परवाच्या तिच्या फोटोत केस मोकळे सोडलेत, नुसती पिंजारलेली झाडं. मुलाला वाटेल, यांच्या घरी कंगवा नाही. आणि फाउस्तो. माणूस सोन्यासारखा आहे, मी कधी नाही म्हटलं का? पण लग्नाच्या फोटोत त्याला मागच्या रांगेत उभा कर. उंच आहे, शोभून दिसेल.

तिकडच्या मंडळींपुढे सांग, आपले आजोबा कॅनरी बेटांवरून आले होते. आजीचं काही सांगायची गरज नाही.

तुझी ताई,
लिब्राडा

*

न्यूयॉर्क, ६ एप्रिल १९९२

ताई,

आशीर्वाद दे, आणि या खेपेस थोडा जास्त दे.

काल रविवारी लायनेलला जेवायला बोलावलं. हिरव्या तुरीच्या दाण्यांचा भात केला, डुकराचं मांस भाजलं, तळलेली केळी केली. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावर गाणी सुरू झाली. भिंती हलायला लागल्या. मी सहज म्हटलं, "हे वरचे काळे लोक! रविवारीसुद्धा माणसाला चैन नाही."

लायनेलने चमचा खाली ठेवला. रागावला नाही. हसून म्हणाला, "डोन्या झुनिल्दा, मीही काळाच आहे."

मी पोट धरून हसले. वाटलं, मुलगा विनोदी आहे, बरं झालं. म्हटलं, "तू काळा? अरे, तू तर चीजसारखा आहेस!"

"चीजसारखा असेन," तो म्हणाला, "पण काळा आहे. माझे वडील काळे, आई काळी, आजी काळी. आमच्या लुइझियानात सात पिढ्यांपूर्वीचा एक आफ्रिकन पूर्वज पुरतो. आणि माझे तर सात-आठ आहेत."

"ते सगळे तुझ्यासारखेच दिसतात?"

"आजी माझ्याहून गोरी आहे."

ताई, मी डिल्सियाकडे पाहिलं, ती ताटाकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं! मी म्हटलं, "तू म्हणालीस मुलगा अमेरिकन आहे!" ती म्हणाली, "आहेच की. काळे अमेरिकन नसतात का?"

तेवढ्यात फाउस्तोला हसू फुटलं. त्याच्या नाकातून भाताचं शीत बाहेर आलं. स्वतःच्या डांबरासारख्या हाताकडे बघत म्हणाला, "म्हणजे हा काळा, आणि माझ्या ओळखपत्रावर काय लिहिलंय? 'इंडियो', म्हणजे मूळ रहिवाशांच्या तांबूस रंगाचा! अगं झुनिल्दा, मी जावयाहून उजळ निघालो!"

मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे? तर म्हणाला, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा जिंकलोय, हसू दे."

मी लायनेलचा हात धरून डिल्सियाच्या हाताशेजारी टेबलावर ठेवला. म्हटलं, "तूच बघ बाबा. हा काळा आणि ही कोण?" डिल्सियाने हात झटकन ओढून घेतला. म्हणाली, "मम्मी, मीही काळी आहे. तूही आहेस. या देशात पाऊल ठेवलंस त्याच दिवशी झालीस, फक्त तुला कोणी कळवलं नाही." आणि उठून गेली. मिठाई तशीच राहिली. फाउस्तोने खाल्ली.

ताई, इथे मी नक्की कोण, हेच मला कळेनासं झालंय. परवा कपडे धुवायच्या दुकानात एका साडीवाल्या बाईने माझ्याशी तिच्याच भाषेत बोलायला सुरुवात केली. मला म्हणाली, "इंडियन?" मी म्हटलं, "हो, आमच्या कागदावर तसंच लिहितात." तिला फार आनंद झाला. मग मोडक्या इंग्रजीत तासभर गप्पा झाल्या. मुलासाठी मुलगी बघते आहे म्हणे. कशी हवी विचारलं तर म्हणाली, शिकलेली हवी, घरकाम यायला हवं, आणि गोरी. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

फोटो आणखी कोणाला दाखवू नकोस. निदान काही दिवस.

तुझी,
झुनिल्दा

*

मोका, २६ एप्रिल १९९२

झुनिल्दा,

फोटो कोणाला दाखवू नको म्हणे! अगं, औषधवाल्याने तो काउंटरच्या काचेखाली लावलाय. खोकल्याचं औषध घ्यायला येणारा प्रत्येक माणूस माझ्या जावयाला बघून जातो. आता मी तिथे जाऊन काय सांगू? की तो गोरा मुलगा काळा निघाला?

मी रात्रंदिवस विचार केला. माझं मत असं की मुलाची काहीतरी चूक होते आहे. आपल्या देशात काळा म्हणजे सीमेपलीकडून ऊस तोडायला येणारा हैतीचा माणूस. आपल्यात कोणी काळं नसतंच. गव्हाळ असतं, दालचिनी असतं, अगदीच झालं तर पक्कं इंडियो असतं. फाउस्तोलासुद्धा मी कधी काळा म्हटलेलं नाही. 'रंगाने पिकलेला' म्हणते. आणि हा एवढा दुधासारखा मुलगा आपण होऊन सांगत सुटतो? गोरा असून स्वतःला काळा म्हणवणारा माणूस वेडा तरी असतो, नाहीतर कम्युनिस्ट.

त्याला प्रेमाने समजाव. म्हणावं, बाळा, तू काय आहेस ते तुझ्या मनात ठेव. सांगितलं नाहीस तर कोणाला कळणार आहे? आमच्याकडे अर्धा गाव असाच राहतो.

आणि डिल्सियाचं ते काय? 'तूही काळी आहेस'? आईला कोणी असं बोलतं? मी असते तर तिच्या तोंडात साबण घातला असता.

कासिल्दा रोज विचारते, लग्न कधी? मी सांगते, पियानो फार बिघडलेत, मुलाला वेळ नाही.

लिब्राडा

*

न्यूयॉर्क, १५ जून १९९२

ताई,

आशीर्वाद दे. पत्राला उशीर झाला, कारण लिहायला हात धजत नव्हता.

मी लायनेलला काही समजावलं नाही. खरं सांगायचं तर समजावणार होते, पण त्याआधीच त्याची आजी आली. ओडीलबाई. वय ऐंशीच्या पुढे. न्यू ऑर्लिन्सहून आपल्या भाचीकडे हार्लेमला आल्या आहेत. तिथे आम्हाला जेवायला बोलावलं. बाई दारात आली आणि मी फाउस्तोला कोपर मारलं. गोरीपान, डोक्यावर जाळीची टोपी, हातात पांढरे मोजे. जेवतानासुद्धा टोपी काढली नाही. मला वाटलं, ही बाई आणि काळी? मग आपला पाद्री काय कोळसा?

खेकडे आणि भेंडी घालून केलेलं दाट सूप होतं. सूप संपेपर्यंत बाई डिल्सियाकडे बघायच्या, मग फाउस्तोकडे बघायच्या, मग पाणी प्यायच्या. शेवटी म्हणाल्या, "लायनेल, मुलगी गोड आहे. नाकीडोळी नीटस आहे. फक्त..."

"फक्त काय, आजी?"

"फक्त पुढच्या पिढीचा विचार कर. आमच्या घराण्याने चार पिढ्या किती जपून लग्नं केली आहेत." मग अभिमानाने सांगायला लागल्या की त्यांच्या तरुणपणी नाचाच्या हॉलच्या दारावर तपकिरी कागदी पिशवी टांगलेली असायची. पिशवीहून उजळ तो आत, पिशवीहून सावळा तो बाहेर. "मी कधीच बाहेर राहिले नाही," म्हणाल्या.

फाउस्तो उठला. स्वयंपाकघरातून कागदी पिशवी आणली, गालाशी धरली. "आणि नाचाला वाजवणारे? ते कुठल्या रंगाचे होते?"

"ते... ते चांगलेच काळे होते."

"मग मी मागच्या दाराने आत आलो असतो," फाउस्तो म्हणाला आणि पिशवीची नीट घडी घालून खिशात ठेवली.

ताई, मला हसू आलं नाही. मला काय वाटलं सांगू? वाटलं, समोर तूच बसली आहेस. फक्त इंग्रजीत बोलते आहेस. तेच पुढच्या पिढीचं, तेच जपून करण्याचं. सगळा जन्म मी हे ऐकलं आणि मान खाली घालून होय म्हटलं. पण माझ्या पोरीकडे बघून परक्या घरात कोणी म्हणालं, तेव्हा माझ्या अंगाची लाही झाली. मी उभी राहिले. इंग्रजी होतं-नव्हतं तेवढं सगळं गोळा केलं.

"बाई, ऐका! माझी मुलगी काळी. फार सुंदर काळी! नवरा काळा. मी काळी. मोकाला माझी ताई आहे, ती आमच्यात सगळ्यात गोरी, तीसुद्धा काळी! आम्ही सगळे काळे, आणि आम्हाला तुमची पिशवी नको!"

फाउस्तोने टाळ्या वाजवल्या. तुझं नाव घेतलं त्याबद्दल माफ कर. रागाच्या भरात जेवढी माणसं हाताला लागली तेवढी घेतली.

मला वाटलं, डिल्सिया माझ्या गळ्यात पडेल. ती शांतपणे उठली. म्हणाली, "मम्मी, दोन महिन्यांपूर्वी तू आमचे हात टेबलावर शेजारी ठेवून बघितलेस. आज यांनी बघितले. मी लग्न करते आहे की कापड विकते आहे?" मग बोटातली अंगठी काढून लायनेलच्या खिशात टाकली. "तुझा दोष नाही रे. पण या दोन घरांमध्ये मूल जन्माला घालायची मला भीती वाटते."

आता ती ब्रुकलिनला मैत्रिणीकडे राहते. माझा फोन उचलत नाही. लायनेल रोज संध्याकाळी येतो, फाउस्तोजवळ तळघरात बसतो. दोघे बॉयलरकडे बघत बसतात. उन्हाळा आहे, बॉयलर बंद आहे.

माझी पोर गेली, ताई.

झुनिल्दा

*

मोका, ८ जुलै १९९२

झुनिल्दा,

व्हिसा मिळाला. २२ तारखेला येते. फाउस्तोला विमानतळावर पाठव.

मला काळी म्हणालीस त्याचा हिशोब समोरासमोर करू. तेही परक्या बाईपुढे, तेही मी तिथे नसताना! दोन दिवस मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी जेवले, कारण मांस-कंदांचं सांकोचो होतं.

पण त्या टोपीवालीला मला बघायचंच आहे. आमच्या पोरीला नाव ठेवणारी ही कोण? नाव ठेवायचं तर आम्ही ठेवू. नाक आम्ही ओढलंय.

ताई

*

न्यूयॉर्क, १८ ऑक्टोबर १९९२

ताई,

आशीर्वाद दे. सुखरूप पोचलीस, सामान पोचलं, औषधवाल्यासाठी नेलेला लग्नाचा फोटोही पोचला, हे कळलं. तू गेल्यापासून घर खायला उठतं. स्वयंपाकघरात कोणी टोकत नाही, त्यामुळे हल्ली माझ्या भातात मीठ जास्त पडतं.

लग्नाचे बाकीचे फोटो आले. पहिल्या रांगेत मधोमध फाउस्तो उभा आहे. त्याला तिथे तूच दंडाला धरून आणलंस, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. विचारायची हिंमत झाली नाही.

पण आता विचारते. तू आणि ओडीलबाई त्या दिवशी आमच्या घरात समोरासमोर बसलात, तेव्हा दोन मांजरी बऱ्या. ती तुझे केस बघत होती, तू तिची टोपी. मग दोघी एकदम उठलात आणि म्हणालात, आम्ही डिल्सियाला आणायला जातो. एकत्र! मी खिडकीतून पाहिलं, तर फूटपाथवरसुद्धा मध्ये दोन माणसांची जागा सोडून चालला होता. रात्री डिल्सिया तुम्हाला घेऊन परत आली. तिच्या हातात हात घालून दोघी. ओडीलबाईंच्या डोक्यावर टोपी नव्हती. तुझे शनिवारी सरळ केलेले केस पार कुरळे होऊन उभे राहिले होते. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "काही नाही. टॅक्सी मिळाली नाही."

मी डिल्सियाला विचारते, ती म्हणते, मावशीला विचार. ओडीलबाईंना विचारते, त्या म्हणतात, आजकालच्या टॅक्स्या! लायनेलच्या बोटात अंगठी, डिल्सियाच्या बोटात अंगठी, आणि मला एकटीलाच काही माहीत नाही. मी आई आहे की शेजारीण?

झुनिल्दा

*

मोका, ९ नोव्हेंबर १९९२

झुनिल्दास,

देव तुझं भलं करो. सांगते. तोंडावर सांगवलं नसतं, कागदावर जमेल.

आम्ही कोपऱ्यावर उभ्या राहिलो. ऊन असं की डांबर वितळत होतं. मी हात केला. टॅक्सी आली आणि गेली. दुसरी आली आणि गेली. रिकाम्या, बरं का! मला वाटलं, यांना दिसत नसेल, म्हणून मी रस्त्यात उतरले. तिसरी वळसा घालून गेली. ओडीलबाई काही वेळ बघत राहिल्या. त्यांची आजीकडून आलेली मोडकी फ्रेंच आणि आपली भाषा, दोन्ही एकमेकींना टेकवून अर्थ काढावा लागतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या दाराच्या आडोशाला उभ्या राहा." मी म्हटलं, का? त्या म्हणाल्या, "राहा तर खरं."

त्यांनी पांढऱ्या मोज्याचं एक बोट वर केलं. टॅक्सी करकचून थांबली. बाई आत बसल्या आणि मला हाक मारली. मी आडोशातून बाहेर आले. ड्रायव्हरने मला पाहिलं आणि हात आडवा केला. ही नाही.

झुनिल्दा, तो ड्रायव्हर माझ्याहून दोन हात काळा होता! कुठल्या देशाचा देव जाणे, त्यालाही इंग्रजी धड येत नव्हतं. पण 'ही नाही' एवढं स्वच्छ येत होतं. मी त्याला ओरडून सांगितलं, माझे आजोबा कॅनरी बेटांवरून आले होते! त्याने काच वर केली. आयुष्यभर ते आजोबा मी बरोबर घेऊन फिरले आणि ऐन वेळी एक टॅक्सी त्यांना थांबवता आली नाही.

तो ओडीलबाईंना म्हणाला, "बाई, तुम्ही बसा. या लोकांना मी नेत नाही." त्या म्हणाल्या, "कुठल्या लोकांना?" त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, आता ही मजेत निघून जाणार. मी तिच्या जागी असते तर? मला खरंच माहीत नाही, झुनिल्दा. फार विचार केला, अजून माहीत नाही.

ती उतरली. पाय मोठमोठ्याने आपटत उतरली. म्हणाली, "मग मीही त्यातलीच." त्याने हिसडा देऊन गाडी सोडली आणि दारात अडकलेली जाळीची टोपी गाडीबरोबर निघून गेली. बाईने दोन्ही हात डोक्यावर घेतले, जणू भर रस्त्यात झगा वर उडाला. आणि मी पाहिलं. टोपीखाली केस माझ्यासारखेच. पांढरे, बारीक, घट्ट कुरळे. मी दर शनिवारी इस्त्रीखाली डोकं देते आणि ही जन्मभर टोपीखाली राहिली.

मी हसले. मला आवरेना. ती आधी चिडली, मग माझ्या डोक्याकडे बोट दाखवून तीही हसायला लागली. घामाने माझे केस मुळापासून उठत होते. दोघी म्हाताऱ्या भर रस्त्यात एकमेकींच्या डोक्याकडे बोट दाखवून हसतो आहोत. एका बाईने आमच्या हातावर नाणं ठेवलं.

मग भुयारी रेल्वे. दोनदा चुकलो, एकदा समुद्रापर्यंत जाऊन आलो. डिल्सियाच्या घराला पाच मजले आणि लिफ्ट नाही. दार उघडलं तेव्हा मी काय काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले. म्हटलं, "पाणी दे." ओडीलबाई म्हणाल्या, "मलाही."

पाणी पिऊन त्यांनी तिला सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, पण मला प्रत्येक शब्द कळत होता. 'ही नाही' म्हणताना त्यांनी हात अगदी तसाच आडवा केला. मग म्हणाल्या, "मी जेवणाच्या टेबलावर तुला हाच हात केला होता, नाही का?"

डिल्सियाने दोन खुर्च्या सिंकपाशी ओढल्या. आम्हा दोघींची डोकी धुतली, तेल लावलं आणि रुंद दातांच्या फणीने विंचरली. अगदी हळू, एकही केस न ओढता. मी तिच्या नाकाचं काय केलं होतं ते आठवून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, साबण गेला. ती म्हणाली, "हो मावशी, साबणच." मग तिने लायनेलला फोन लावला.

हे आता तुला कळलं. कासिल्दाला कळवू नकोस. आणि एक लक्षात ठेव, मी अजूनही गव्हाळच आहे. त्या ड्रायव्हरची नजर अधू होती. पण फाउस्तोला मागच्या रांगेत उभं करायला मात्र माझा हात उचलला नाही.

तुझी ताई,
लिब्राडा

*

मोका, २० जून १९९३

झुनिल्दास,

देव तुझं भलं करो. तार मिळाली. मुलगी झाली! घंटा वाजवायची सोय असती तर वाजवली असती. मी आजी झाले, तू आजी झालीस, त्या ओडीलबाई पणजी झाल्या.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना? तार फारच आखूड होती. वजन किती? दूध ओढते का? हवामान कसं आहे तिकडे? पाळण्याच्या खोलीला कोणता रंग दिलाय? फिकट की जरा गडद? मी आपलं सहज विचारते, खोलीचं. पडदे कोणाच्या जवळ जातात? तुझ्या की लायनेलच्या? म्हणजे, कोणाच्या आवडीने घेतलेत, असं म्हणायचं होतं मला.

औषधवाला विचारत होता. मी त्याला सांगितलं, असले प्रश्न आता कोणी विचारत नाही, मागासलेपणा आहे तो. पण तू सविस्तर लिही.

ताई

*

न्यूयॉर्क, ११ जुलै १९९३

ताई,

आशीर्वाद दे, मला आणि तुझ्या नातीलाही.

पाळण्याची खोली पिवळी आहे. पडदे निळे, लायनेलने आणले, आखूड पडले. हवामान गरम आहे.

तिचं नाव सेलेस्त. ओडीलबाईंच्या आईचं नाव. ती दूध ओढते आणि संपलं की असा आवाज लावते की लायनेल म्हणतो, हिला सुरात लावायला वेगळी अवजारं लागतील. वरच्या मजल्यावरचे लोक परवा तक्रार करायला खाली आले! म्हणाले, रविवारीसुद्धा चैन नाही. मी त्यांना आत बोलावलं, कॉफी दिली. फार चांगली माणसं आहेत.

तिच्या नाकाला हात लावायचा नाही, असं डिल्सियाने सगळ्यांना बजावलंय. फाउस्तो दिवसभर तिला खांद्यावर टाकून इमारतीतून फिरतो. भाडेकरू नळ गळतो म्हणून बोलवायला येतात, तर हा आधी नात दाखवतो, मग नळ बघतो. चाळीस वर्षांत बोलला नाही इतकं तो तिच्याशी महिन्याभरात बोललाय.

ओडीलबाई बघायला आल्या तेव्हा मी दाराशीच उभी होते. ताई, खोटं कशाला बोलू, बाळाला एप्रनआड लपवावं असं वाटत होतं. बाईंनी टोपी काढून खुंटीला टांगली. बाळाला घेतलं, खिडकीपाशी उजेडात नेलं. हात बघितले, कान बघितले, कानामागची कातडी बघितली. पुढे रंग किती चढणार ते कानामागे कळतं, हे तुलाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. डिल्सिया पलंगावर उठून बसली.

मग बाई वळल्या. डिल्सियाकडे नाही, लायनेलकडे नाही, सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अभिनंदन, झुनिल्दा. ही पूर्ण तुमच्यावर गेलीय."

साठ वर्षांची होईन मी पुढच्या वर्षी. एखादं मूल माझ्यावर गेलं असं आपल्या घरात कोणी म्हटलं की पुढे 'काही हरकत नाही' असं म्हणायची रीत होती. मी त्या 'काही हरकत नाही'ची वाट बघत उभी राहिले. ते आलंच नाही.

तुझी,
झुनिल्दा